वावरातल्या सेन्सरला एन्क्रिप्शन लावलं तर सेल लवकर संपतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपड्याकडच्या केळीच्या बागेत एकेका लिथियम सेलवर चालणारे ओलावा-नोड (ओल मोजून निरोप पाठवणाऱ्या पेट्या) लावायचेत, दर १५ मिनिटांनी लोरावर, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर, एक निरोप, आणि त्याच जाळ्यावरून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायचे-मिटायचे. एन्क्रिप्शन सेल खाईल या भीतीने साधं एक्सॉर लावू, म्हणजे मजकुराचे बिट एका ठरलेल्या 'की'शी (गुप्त आकड्याशी) नुसते मिसळू, की एखादा लाइटवेट सायफर, म्हणजे छोट्या चिपसाठी बनवलेली कुलूपपद्धत, घेऊ, आणि कोणता?

मी रावेर तालुक्यात ठिबकचं ऑटोमेशन बसवतो, त्यामुळे ही भीती माझ्या ओळखीची आहे. पण भो, तुम्ही हिशेब चुकीच्या खात्यात मांडताय.

तुमचा चिप एटमेगा ३२८पी धरतो, ८ मेगाहर्ट्झवर. त्यावर नीट लिहिलेल्या एईएसला, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण सायफरला, १६ बाइटचा एक ब्लॉक करायला साधारण ३ हजार सायकल लागतात, म्हणजे अर्धा मिलिसेकंदही नाही. छोट्या पॅकेटवर सीसीएम, म्हणजे एईएसनेच मजकूर लपवून वर खरेपणाचा शिक्का मारायची पद्धत, चालवायची तर असे चार-पाच ब्लॉक होतात, म्हणजे झाले २ मिलिसेकंद. त्या वेळात चिप ४ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. आता रेडिओ बघा. एसएफ१० वर (ही लोराची एक संथ, लांब पल्ल्याची सेटिंग) ८ बाइटचं पॅकेट हवेत २४८ मिलिसेकंद असतं आणि १३ डीबीएम ताकदीने पाठवताना एसएक्स१२७६ हा लोराचा चिप सुमारे २९ मिलिअँपिअर घेतो. गुणाकार केला तर एन्क्रिप्शनचा खर्च रेडिओच्या नऊशेव्या हिश्शाइतका निघतो. लायब्ररी गबाळी निघाली आणि पाचपट वेळ लागला, तरी फरक कळणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पेटीत तापून सेल आपसूक जेवढा उतरतो, त्यापुढे हे काहीच नाही.

खरा खर्च आहे तो पॅकेटला जोडलेल्या जादा बाइटचा. माझं पॅकेट असं आहे: १ बाइट नोडचा नंबर, ३ बाइट काउंटर (दर निरोपाला एकाने वाढणारा नंबर), ४ बाइट रीडिंग. गंमत म्हणजे लोरा बाइट गठ्ठ्याने मोजतो. एसएफ१० ला ५ बाइटचा एक गठ्ठा आणि त्याला ४१ मिलिसेकंद. त्यामुळे ५ बाइटचं पॅकेट काय आणि ९ बाइटचं काय, दोन्ही २४८ मिलिसेकंदच. काउंटरचे ३ बाइट फुकटात बसले. मग मागे ४ बाइटचा टॅग लावला, म्हणजे निरोप खरा असल्याचा शिक्का, की होतात २८९. पूर्ण १६ बाइटचा टॅग लावला तर ३७१. पुस्तकात १६ लिहिलंय म्हणून ४ बाइटच्या रीडिंगला १६ बाइटचा शिक्का मारणं म्हणजे लिंबापेक्षा पिशवी जड.

४ बाइटचा शिक्का पुरतो का? लोरावॅन या लोरावरच्या प्रमाण जाळ्यातही तेवढाच असतो. आंधळेपणाने ठोकत बसायचं तर सुमारे ४२९ कोटींत एक संधी. एका प्रयत्नाला पाव सेकंदापेक्षा जास्त हवेत जातो, म्हणजे सगळे आकडे संपवायला जवळपास चाळीस वर्षं. रीडिंगला हे भरपूर झालं. व्हॉल्व्हच्या हुकमाला मात्र मी ८ बाइट लावतो. तो दिवसातून चार-सहा वेळाच जातो आणि गेटवेला, म्हणजे नोडशी बोलणाऱ्या घरातल्या मुख्य पेटीला, वीज भिंतीतून मिळते.

एक्सॉरबद्दल मी फार लिहीत नाही. पॅकेटचा पहिला बाइट नोडचा नंबर आहे आणि तो नंबर तुम्ही पेटीवर मार्करने लिहिलेला असतो. कळणारा मजकूर आणि उचललेलं पॅकेट यांचं एक्सॉर केलं की झालं, 'की' हातात. पुढच्या बाइटांचंही तसंच, पाणी दिल्यावर ओलाव्याचा आकडा काय असणार ते शेजाऱ्यालाही ठाऊक असतं. ते कुलूप नाही, नुसती कडी आहे.

आणि मुळात लपवायचंय काय? केळीच्या खोडाशी किती ओल आहे हे कुणी वाचलं तर वाचू द्या. भीती आहे ती खोट्या निरोपाची. बाग कोरडी असताना 'ओल भरपूर आहे' असं कुणी गेटवेला सांगितलं, किंवा रात्री दोनला व्हॉल्व्ह उघडला, तर नुकसान तिथे होतं. म्हणून नुसतं एन्क्रिप्शन नको, शिक्क्यासकट हवं.

आता सायफर कोणता? चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर असेल, जसं ईएसपी३२ किंवा एनआरएफ५२ मध्ये असतं, तर एईएस-सीसीएम लावा आणि विषय मिटवा. ८ बिटच्या चिपवर दोन रस्ते आहेत: सॉफ्टवेअरमधलं एईएस, नाहीतर एस्कॉन हा लाइटवेट सायफर. एस्कॉन ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये सुरू झालेलं काम. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने लाइटवेट सायफरसाठी स्पर्धा लावली, त्यात ५७ प्रस्ताव आले, २०२१ मध्ये १० उरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एस्कॉन निवडलं गेलं. त्याची सगळी अवस्था, म्हणजे काम चालताना लक्षात ठेवायचा ऐवज, ४० बाइटांत मावते. २ केबी रॅमच्या चिपला हे झेपतं. एन्क्रिप्शन आणि शिक्का एकाच फेरीत होतात, वेगळं काही शिवावं लागत नाही. एक खाच मात्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पक्कं मानक आलं, त्यात बाइटचा क्रम जुन्या आवृत्तीपेक्षा उलटा ठेवलाय. नोडवर जुनी लायब्ररी आणि गेटवेवर नवी असली तर दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत, आणि तुम्ही अँटेना तपासत बसता. मी बसलोय.

प्रेझेंट या सायफरचं नावही वाचनात येईल. २००७ चं आहे, छान आहे, पण ते सिलिकॉनवर कमी गेट लागावेत म्हणून बनवलेलं. त्यातली बिटांची उलथापालथ तारेने फुकट होते, ८ बिटच्या प्रोसेसरला मात्र तीच घाम फोडते. 'लाइटवेट' हा शब्द दिसला की आधी विचारा, कुणासाठी लाइट?

आता माझी फजिती, कारण तुम्हीही तिथेच अडकणार. पहिल्या बागेत मी काउंटर नुसता रॅममध्ये ठेवला होता. उन्हाळ्यात एका संध्याकाळी अकरा नोडचे सेल बदलले आणि सकाळी गेटवेने एकाचंही पॅकेट घेतलं नाही. सगळे काउंटर शून्यावरून निघालेले, गेटवेच्या दृष्टीने सगळं शिळं. मालकाचा फोन आला, "काय भो, सकाळपासून पाणी नाही." घाईत मी काउंटर तपासणारी ओळच सगळीकडे बंद केली. पाणी सुरू झालं आणि मी विसरलो.

महिन्याभराने इंजिनिअरिंगला असलेला मावसभाऊ आला. त्याने संध्याकाळी एका रेडिओ मॉड्यूलवर 'व्हॉल्व्ह उघड'चं पॅकेट टिपलं आणि जेवणं झाल्यावर तेच जसंच्या तसं परत सोडलं. व्हॉल्व्ह उघडला. त्याला की माहीत नव्हती, त्याने काही फोडलंही नाही. माझं एईएस शाबूत होतं आणि बागेत पाणी चालू होतं.

दुसरी बाजू त्याहून वाईट. तोच काउंटर नॉन्समध्येही जातो, म्हणजे कीबरोबर दर निरोपाला सायफरमध्ये घालायच्या, कधीच परत न वापरायच्या आकड्यात. एकाच कीने एकच नॉन्स दोनदा वापरला की सीसीएममध्ये दोन्ही निरोपांवर तीच बिटमाळ चढते. दोन पॅकेटांचं एक्सॉर घेतलं की माळ गळून पडते आणि रीडिंगमधला फरक उघडा होतो. म्हणजे ज्या एक्सॉरला मी वर नावं ठेवली, तिथेच परत आलो.

म्हणून काउंटर ईईप्रॉममध्ये, म्हणजे सेल काढला तरी न पुसणाऱ्या चिपमधल्या मेमरीत. पण दर निरोपाला लिहू नका. एका जागेवर १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. वर्षाला ३५ हजार निरोप म्हणजे तीन वर्षांच्या आत ती जागा थकते. मी १००-१०० ची आगाऊ उचल करतो: ईईप्रॉममध्ये ५०० लिहिलं की ४९९ पर्यंतचे नंबर वापरायचे, आणि ५०० वापरण्याआधी ६०० लिहायचं. आधी लिहा, मग वापरा, हा क्रम मोडू नका. सेल बदलल्यावर नोड साठवलेल्या आकड्यापासून सुरू होतो, फार तर शंभरेक नंबर वाया जातात. ३ बाइटमध्ये पावणेदोन कोटींच्या जवळपास नंबर आहेत, जाऊ द्या वाया. गेटवेनेही प्रत्येक नोडचा शेवटचा नंबर मेमरी कार्डवर लिहून ठेवायचा. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे.

नोडकडून गेटवेकडे आणि गेटवेकडून नोडकडे जाणाऱ्या निरोपांना एकच की असेल, तर नॉन्समध्ये दिशेचा एक बाइट ठेवा. नाहीतर दोघांचा ४२ नंबर एकमेकांवर आदळतो. हा बाइट हवेत पाठवावा लागत नाही, दोघांना तो माहीतच असतो.

की प्रत्येक नोडला वेगळी द्या. मुख्य की घरातल्या गेटवेवर ठेवायची आणि तिने नोडच्या नंबरचं एईएस केलं की त्या नोडची की तयार. वावरातून केबल चोरीला जाते तिथे नोडही जाऊ शकतो. गेला तर तेवढा एक नंबर गेटवेवरून काढून टाकायचा. चिपचे लॉक बिटही लावा, म्हणजे साध्या प्रोग्रॅमरने की वाचता येत नाही.

बसवून झालं की एक चाचणी करा. एक पॅकेट टिपून ठेवा, नोडचा सेल काढून परत घाला. नोडचं पुढचं पॅकेट गेटवेने घेतलं पाहिजे, आणि टिपलेलं जुनं सोडलं तर ते नाकारलं पाहिजे. यातलं एकही उलटं झालं तर व्हॉल्व्हची वायर अजून जोडू नका.