लेंटच्या काळात दुःख वाटत नसेल तर पश्चात्ताप खोटा ठरतो का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या, पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेतली, उपवास धरला, प्रार्थनेची वेळ वाढवली, तरीही पापांबद्दल खरे दुःख मनात उमटत नाही आणि दरवर्षी तीच पापे पुन्हा कबूल करावी लागतात. मग हा पश्चात्ताप खरा म्हणायचा का, हा पहिला भाग. ख्रिस्ताने वधस्तंभावर आपली पापे वाहिली असा विश्वास असताना पुन्हा चाळीस दिवस प्रायश्चित्त करणे म्हणजे त्या विश्वासावरच शंका घेणे नव्हे का, हा दुसरा. बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी येणाऱ्या प्रौढांबरोबर मी बरीच वर्षे शास्त्रवाचन करत आले आहे आणि हे दोन्ही प्रश्न मला तिथे सतत भेटतात. माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. पश्चात्ताप ही क्षमेसाठी आपण देवाला मोजायची किंमत आहे असे आपण नकळत धरून चालतो, आणि मग ती किंमत पुरेशी भरली की नाही याची काळजी वाटू लागते.

राख लावताना रोमन कॅथलिक उपासनाविधीत धर्मगुरू दोनांपैकी एक वचन उच्चारतात. एक उत्पत्तीच्या पुस्तकातले, मनुष्य माती आहे आणि मातीलाच परत मिळणार आहे याची आठवण देणारे, दुसरे मार्काच्या शुभवर्तमानातले, "पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचे हे पहिलेच वाक्य आहे, पण ते इथून सुरू होत नाही. त्याच्या आधी येशू म्हणतो, "काळाची पूर्णता झाली आहे व देवाचे राज्य जवळ आले आहे." म्हणजे आधी वार्ता आहे आणि मग आज्ञा. कोणी पश्चात्ताप करील तेव्हा राज्य जवळ येईल, असे येशू म्हणत नाही. ते आलेलेच आहे, म्हणून वळा, असे त्याचे सांगणे आहे. पश्चात्ताप आणि विश्वास या दोन पायऱ्या नाहीत, की आधी पुरेसे रडून घ्यावे आणि मग विश्वास ठेवण्याची परवानगी मिळावी. जो कोणाकडे तरी वळतो तो ज्याच्याकडे वळतो त्याच्यावर भरवसा ठेवूनच वळतो.

हाच क्रम येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांतही दिसतो. रोमन कॅथलिक वाचनक्रमात लेंटच्या पहिल्या रविवारी दरवर्षी सैतानाने घेतलेल्या परीक्षेचा हा प्रसंग वाचला जातो, पण त्याच्या लगेच आधीचा प्रसंग त्या वाचनात नसल्यामुळे तो आपल्या नजरेतून सुटतो. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर आकाशातून वाणी आली, "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे." त्यानंतर आत्म्याने त्याला रानात नेले. परमप्रिय असल्याची घोषणा उपवासाच्या आधी झाली होती. उपवास करून ती मिळवायची नव्हती. सैतानाची पहिली परीक्षा नेमकी याच जागी बोट ठेवते: तू देवाचा पुत्र आहेस तर सिद्ध करून दाखव. आपल्या लेंटमध्येही हाच आवाज धार्मिक वेष घेऊन येतो आणि म्हणतो, तुझा पश्चात्ताप खरा असेल तर डोळ्यांतले पाणी दाखव.

आता दुःखाविषयी. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. तो मुलगा घरी का परतला, ते मात्र पुन्हा एकदा नीट वाचा. त्याला बापाची आठवण येते ती भुकेमुळे. डुकरांच्या शेंगांनी पोट भरावे अशी वेळ आल्यावर त्याच्या मनात विचार येतो की माझ्या बापाच्या घरी मजुरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते. बापाचे काळीज आपण किती दुखावले, याबद्दल त्या विचारात एक अवाक्षर नाही. तो बोलण्याची तयारी करतो, तिच्यात तीन गोष्टी असतात: मी पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखे ठेवा. प्रत्यक्षात मात्र बाप त्याला दूर असतानाच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि मुलाच्या तोंडून पहिल्या दोनच गोष्टी बाहेर पडतात. मजुरीचा प्रस्ताव बोलायला त्याला संधीच मिळत नाही. तोवर बाप उत्तम झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगत असतो. मुलाच्या मनातले दुःख पुरेसे शुद्ध आहे का, हे बापाने तपासून पाहिलेले नाही. पोटासाठी का होईना, तो घराकडे निघाला, एवढ्याने काम झाले होते.

याच्या उलट टोकाला येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत आहे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातला त्याचा प्रसंग मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा अस्वस्थ होते, कारण वरवर पाहता त्याच्या वागण्यात पश्चात्तापाच्या सगळ्या गोष्टी आहेत. त्याला आपल्या कृत्याचे खरे दुःख झाले. आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे पाप आहे, असे त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केले. घेतलेली तीस चांदीची नाणी त्याने परत केली. खेद, कबुली आणि भरपाई या तिन्ही गोष्टी तिथे आहेत, आणि खेद तर आपल्यापैकी बहुतेकांना कधी झाला नसेल इतका तीव्र आहे. पण हे सगळे घेऊन तो गेला मुख्य याजकांकडे. त्यांनी उत्तर दिले, "त्याचे आम्हांला काय? तुझे तूच पाहा." यापेक्षा क्रूर वाक्य शुभवर्तमानांत क्वचितच सापडेल. पापाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाला त्याच्या पापाबरोबर एकटे सोडून देणारे ते वाक्य आहे, आणि यहूदा ते खरे मानून निघून गेला. त्याच्या अंतिम गतीविषयी निवाडा करण्याचा अधिकार मला किंवा तुम्हांला नाही, आणि मी तो करत नाही. पण दुःखाच्या खोलीवरून पश्चात्ताप मोजता येत नाही, हे या प्रसंगातून मला नेहमी दिसते.

त्याच रात्री येशूचा शिष्य पेत्रही पडला. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभे असताना, ज्याच्यासाठी प्राण देईन असे काही तासांपूर्वी म्हटले होते त्याला आपण ओळखतही नाही, असे त्याने तीन वेळा सांगितले. लूक इथे एक बारकावा नोंदवतो, जो बाकीच्या तीन शुभवर्तमानांत नाही: कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. मग पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. रडणे दृष्टादृष्ट झाल्यानंतर आले, हे लक्षात घ्या. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवरावर काठावर उभा असलेला माणूस प्रभू आहे असे कळताच, सुमारे दोनशे हात अंतरावर असलेली नाव किनाऱ्याला लागेपर्यंत थांबण्याचा धीर पेत्राला झाला नाही. त्याने अंगरखा कमरेला गुंडाळून पाण्यात उडी टाकली. ज्याला नाकारले त्याच्याच दिशेने तो माणूस पाण्यातून निघाला. काठावर पुन्हा कोळशांचा विस्तव होता, आणि येशूने तीन वेळा नाकारणाऱ्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारला: तू माझ्यावर प्रेम करतोस का? तू असे का केलेस, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, म्हणजे ती जखम उघडली गेली. पण प्रत्येक उत्तरानंतर येशूने त्याच्या हाती कळप सोपवला.

यहूदा आणि पेत्र यांच्यातला फरक दुःखाच्या मापाचा नाही, दिशेचा आहे, आणि ती दिशा म्हणजेच विश्वास. म्हणून तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न बदला, असे मी सुचवीन. मला किती वाईट वाटते, याऐवजी मी हे कोणाकडे घेऊन चाललो आहे, असे विचारा. पुष्कळदा दुःख नंतर येते. क्षमा मिळाल्यावर, आपण काय दुखावले होते हे उमगल्यावर येते.

तरीही इथे एक सावधगिरी हवी. दुःख आवश्यक नाही याचा अर्थ पश्चात्ताप मोघम चालतो असा नाही. नाथान संदेष्ट्याने दुसऱ्याची बायको घेणाऱ्या दाविद राजाला पापाविषयी सर्वसाधारण प्रवचन दिले नव्हते. "तो मनुष्य तूच आहेस" असे तोंडावर सांगितले होते. आपली आत्मपरीक्षा बहुधा फसते ती या ठिकाणी. मी रागीट आहे, हे स्वभावाचे वर्णन झाले, आणि त्याबद्दल कोणालाही दुःख होत नाही. मंगळवारी रात्री आईने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा मी ज्या सुरात उत्तर दिले आणि त्यानंतर ती जेवणभर गप्प राहिली, ही कबुली आहे. मला पैशांचा मोह आहे, हे मोघम आहे. अमुक व्यवहारात समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही, हे नेमके आहे. जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाने येशूसमोर उभे राहून आकडाच सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. लेंटमध्ये दहा पापांची यादी करण्यापेक्षा एकच पाप इतक्या जवळून पाहावे, असे माझे मत आहे. अर्थात ज्यांचे मन आधीच सतत स्वतःला कुरतडत असते, झोप उडवण्याइतकी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे एकट्याने करू नये. एखाद्या समंजस धर्मगुरूला किंवा विश्वासू माणसाला सोबत घ्यावे.

उपवासाचे काम याच्याशी जोडलेले आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला तरी देव पाहत का नाही, आणि देव उत्तर देतो की तुम्ही उपासाच्या दिवशी भांडता आणि मजुरांना राबवून घेता. उपवासाने देवाचे मन वळत नाही. आपले मन उघडे पडते. एक वेळचे जेवण सोडल्यावर तुम्ही चिडचिडे होत असाल, तर उपवास फसला असे समजू नका. एरवी पोटभर जेवणाखाली झाकलेले काय होते, ते त्याने दाखवून दिले आहे. आणि मध्येच नियम मोडला तर त्याच संध्याकाळी पुन्हा सुरुवात करावी. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरच्या उपासनेत जॉन क्रिसोस्टम यांच्या नावाने एक जुने प्रवचन वाचले जाते. अगदी शेवटी, अकराव्या तासाला, कामावर येऊनही पूर्ण मजुरी मिळालेल्या मजुरांच्या दाखल्यावर ते आधारलेले आहे, आणि उपवास केलेल्यांना व न केलेल्यांनाही ते एकाच मेजवानीला बोलावते.

तुमचा दुसरा प्रश्न जुना आणि आदरणीय आहे. १५२२ साली झुरिकमध्ये लेंटच्या दिवसांत मुद्दाम मांस खाल्ले गेले, तेव्हा तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी व्यासपीठावरून अन्नाविषयीच्या ख्रिस्ती स्वातंत्र्याची बाजू घेतली, आणि आजही अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हा काळ पाळत नाहीत. त्यांचा विश्वास त्यामुळे कमी ठरत नाही. पण जर्मन धर्मसुधारक लूथर यांच्या १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांतला पहिलाच प्रबंध सांगतो की विश्वासणाऱ्यांचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. म्हणजे वाद पश्चात्ताप हवा की नको याचा नव्हता.

लेंटचा उगमही इथे उपयोगी पडतो. आरंभीच्या शतकांत हा काळ मुख्यतः ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या दीक्षार्थींच्या शेवटच्या तयारीचा होता, आणि आधीच बाप्तिस्मा झालेले लोक त्यांच्या सोबतीने उपवास करू लागले. ३२५ सालच्या, ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या निकिया परिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या या काळाचा उल्लेख आहे. पाश्चात्त्य गणनेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्यक्षात सेहेचाळीस दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस आहे. शोकाच्या मध्यभागीसुद्धा मंडळीने विजय विसरायचा नाही, अशी ही रचना आहे. शेवटी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते: आधी सैतानाचा त्याग करता का, असे विचारतात आणि लगेच विश्वास ठेवता का, असे विचारतात. झालेल्या क्षमेत आपण पुन्हा भर घालत नाही. तिच्यात राहायला शिकतो.

राहिला तीच तीच पापे पुन्हा होण्याचा प्रश्न. सरोवराच्या काठावर क्षमा मिळालेला हाच पेत्र पुढे अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला, आणि प्रेषित पौलाला त्याला तोंडावर दोष द्यावा लागला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे लिहिले आहे. लोक काय म्हणतील ही वाड्यातली भीती इतक्या वर्षांनी परत आली होती. त्यावरून काठावरची क्षमा खोटी होती, असे कोणी म्हटलेले नाही.

उरलेल्या दिवसांत लूक २२ मधले पेत्राचे नाकारणे आणि योहान २१ हे दोन उतारे सावकाश वाचा. वर सांगितल्याप्रमाणे एक पाप नेमक्या शब्दांत कागदावर लिहा, आणि ज्या माणसाशी त्याचा संबंध आहे त्याला काही परत करायचे किंवा सांगायचे असेल तर ते पवित्र सप्ताहाच्या आधी करा. मग तुमच्या मंडळीच्या पद्धतीप्रमाणे, पापनिवेदनात धर्मगुरूंसमोर किंवा सामुदायिक कबुलीत, ते देवापुढे ठेवा. मनात काहीच हलत नसेल तर लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातील जकातदाराचे वाक्य पुरेसे आहे, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि आपल्याला दुःख होत नाही हेही तिथे मोकळेपणाने सांगा.