अनौपचारिक व्यवसाय म्हणजे करचुकवेगिरीच का, आणि त्याने विकास खुंटतो का?

या दोन गोष्टी एक नाहीत. बीडहून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहतो. पण त्यांची मिळकत करपात्र नसते, आणि साबणापासून चपलेपर्यंतच्या खरेदीत ते २०१७ पासून वस्तू व सेवा कर भरतातच. त्यांना करचुकवे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना हवा तो लेखी करार आणि भविष्य निर्वाह निधी.

वार्षिक उलाढाल ४० लाखांपुढे, म्हणजे या कराची नोंदणी बंधनकारक होते त्या मर्यादेपुढे, गेल्यावरही कच्च्या चिठ्ठीवर सिमेंट, लोखंड विकणारा दुकानदार मात्र कर चुकवतो. विकासाला खीळ इथे बसते, कारण पक्के बिल देणाऱ्या शेजाऱ्याचा माल महाग ठरतो, तर चुकवणाऱ्याची खरी उलाढाल कागदावर नसल्याने त्याला बँकेचे पुरेसे कर्ज मिळत नाही आणि तो धंदा मुद्दाम लहानच ठेवतो.