तुर्की शिकायचीय? मग व्हाया मराठी जा!

प्रश्न : ताई, तुर्की सिरियल्स बघून बघून वेड लागलं आणि सहा महिन्यांपूर्वी ॲपवर तुर्की शिकायला घेतली. आता दोन ठिकाणी गाडी अडलीय. एक म्हणजे उठता बसता अल्लाचं नाव येतं, मी मुसलमान नाही, मग मी ते बोलायचं का, की उगाच नाटकी वाटेल? आणि दुसरं, एकाच गोष्टीला दोन दोन शब्द कसे? ॲप एक शिकवतं आणि सिरियलमधली आजी भलतंच बोलते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, आपल्याकडचे पक्के नास्तिकसुद्धा ठेच लागली की 'अरे देवा' म्हणतातच ना, तसंच आहे ते. इन्शाल्ला, माशाल्ला हे तिथले अजिबात नमाज न पढणारे लोकपण दिवसभर म्हणतात, तू म्हणालीस तर कुणी भुवया उंचावणार नाही, उलट खूश होतील. फक्त भेटल्यावर 'सेलामुन आलेय्कुम' म्हणायची घाई नको, त्याला थोडा धार्मिक रंग आहे, 'मेरहाबा' सगळीकडे चालतं.

मी तुर्कस्तानात इझमिर शहरात भाड्याने राहायचे तेव्हा घरमालकीणबाईंनी मला व्याकरणाआधी हेच शिकवलं. जिना पुसणाऱ्या बाईजवळून मुकाट्याने जायचं नाही, 'कोलाय गेलसिन' म्हणायचं, म्हणजे काम सोपं जावो. जेवण वाढणारीला 'एलिनिझे साअलक', तुमच्या हातांना आरोग्य लाभो. निघताना निघणारा म्हणतो 'अल्लाहा इस्मार्लादिक', म्हणजे तुम्हाला देवाच्या हवाली केलं, आणि घरात थांबणारा म्हणतो 'ग्युले ग्युले', हसत हसत जा. मी एकदा घाईत उलटं बोलले, निघताना मीच ग्युले ग्युले, तर बाई दारातच हसत बसल्या. आपणही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतोच की, ते परक्याला कुठलं ॲप शिकवणार?

आता दोन शब्दांचं. १९२८ पर्यंत तुर्की अरबी लिपीत लिहायचे आणि लिखाणात अरबी-फारसी शब्दांचा नुसता भरणा. त्या वर्षी नोव्हेंबरात कायदा करून रोमन लिपी आणली, १९३२ ला तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांनी भाषेसाठी संस्था काढली आणि परके शब्द उपटून तुर्की शब्द लावायचं काम सुरू झालं. मेकतेप गेलं, ओकुल आलं (शाळा). मुआल्लिम गेला, ओय्रेतमेन आला (शिक्षक). १९३२ ते १९५० बांगसुद्धा तुर्कीतून द्यायचे, अल्लाच्या जागी 'तान्री' (देवासाठीचा तुर्की शब्द), बोल. गंमत म्हणजे अतातुर्कचं १९२७ चं गाजलेलं भाषण आजच्या पोरांना सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं. आपल्या आजोबांचे मोडीतले कागद आपल्याला कुठे वाचता येतात!

पण सगळे शब्द काही गेले नाहीत. जेवाप आणि यानित (उत्तर), हायात आणि याशाम (आयुष्य) दोन्ही चालतात, आपल्याकडे दिनांक आला म्हणून तारीख कुठे गेली? फक्त कोण कुठला शब्द उचलतो यावरून तो जुन्या वळणाचा की नव्या, याचा थोडाफार वास लागतो, दरवेळी खरा असतोच असं नाही. तू दोन्ही शिक.

एक आगाऊ सल्ला, न विचारता. इंग्रजीतून शिकू नकोस, उगाच फार पाल्हाळ होतं. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला चिकटलेले, हे आपलंच आहे, 'एव्लेरिमिझदे' म्हणजे आमच्या घरांमध्ये, संपलं. 'गेलमिश' हे रूप इंग्रजीतून समजावताना लोक पानं भरतात, मराठीत दोन शब्द, 'आला म्हणे'. स्वतः बघितलं नाही, कुणी सांगितलं, किंवा दारात चपला दिसल्या म्हणून कळलं. चाय-माय म्हणजे चहा-बिहा, तेही तयारच. आणि नाती बघ! मावशी तेयझे, आत्या हाला, मामा दायी, काका आमजा. नणंदेला ग्योर्युमजे, जावेला एलती, साडूला बाजानाक. इंग्रजीवाला इथे घाम पुसतो, आपल्याला फक्त शब्द बदलायचाय.

हां, आणि फोनमध्ये तुर्की कीबोर्ड आजच टाक. त्यांच्याकडे टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'मला कंटाळा आला' हे 'सिकिलदिम' टिंब नसलेल्या आयने लिहायचं असतं, मी साध्या कीबोर्डवरून टिंबं देऊन घरमालकीणबाईंना पाठवलं, त्याचा अर्थ इतका घाण होतो की इथे छापता येणार नाही. बाईंनी उत्तरात फक्त एक कीबोर्डचा फोटो पाठवला.