माझा सिबिल स्कोअर ६३० आहे. पत्नीही नोकरी करते. नवी मुंबईत घरासाठी कर्ज मिळेल का?

मिळेल, पण ६३० वर सरकारी बँकेचा नाद सध्या सोडा. काही गृहवित्त कंपन्या देतात, व्याज चढं लावून. पत्नी नोकरी करते म्हणालात आणि तिचा स्कोअर सांगितलाच नाहीत, म्हणून लिहायला बसले.

लॉकडाऊनमध्ये ह्यांचा पगार निम्म्यावर आला, क्रेडिट कार्ड थकलं. वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून ह्यांनी कमी रकमेत सेटलमेंट केली. सुटलो म्हणून घरात पेढे! सिबिलच्या रिपोर्टात मात्र ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागलं, म्हणजे पैसे पूर्ण न भरता मिटवलेलं. पुढे ऐरोलीत वन बीएचके पसंत पडला, टोकन दिलं, आणि बँकेतल्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे वळवून नेमकं त्या ओळीवर पेन ठेवलं. माझा स्कोअर ७८० च्या वर. म्हटलं, माझ्या एकटीच्या नावावर करा. तर म्हणाला, करारनाम्यात साहेबांचं नाव असेल तर ते सहअर्जदार लागणारच, आणि मग त्यांचा सिबिलही बघावा लागणार.

म्हणजे करारनाम्यातूनच ह्यांचं नाव काढायचं. सासऱ्यांनी अबोला धरला. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, उद्या काही झालं तर?” काय व्हायचंय? हप्ता माझ्या पगारातून जाणार आणि घर तुमच्या भावाच्या नावावर? शिवाय घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. तो आकडा कागदावर मांडून दिला तेव्हा भाऊजी गप्प झाले. ह्यांची स्वतःची काही हरकत नव्हती, हे मुद्दाम सांगते.

तेव्हा आधी पत्नीचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्कोअर ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या एजंटला दमडी देऊ नका. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते, आणि ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सेटल्ड असेल तर उरलेले पैसे भरून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, घ्या आणि नोंद बदलायला लावा.

हां, एकाच पगारावर कर्ज कमी बसतं, हे राहिलंच. त्यात ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतात, मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. आमचं ऐरोलीचं टोकन बुडालं, घणसोलीत लहान घर घेतलं. भाऊजी त्याला अजून “वहिनीचं घर” म्हणतात. म्हणू देत, आहेच.