‘एअर राइट्स’ला ‘हवाई हक्क’ म्हणावे का?

प्रश्न: न्यूयॉर्कच्या एका बातमीत ‘चर्चने आपले एअर राइट्स शेजारच्या बिल्डरला विकले’ असे वाक्य आहे. त्याचे भाषांतर करताना ‘हवाई हक्क’ चालेल का?

चालणार नाही. ‘हवाई’ म्हटले की मराठी वाचकाला हवाई दल, हवाई मार्ग आठवतात. चर्चने हवाई हक्क विकले म्हणजे छपरावरून विमाने न्यायची परवानगी दिली की काय, असे वाटेल. ‘हवेचा हक्क’ त्याहून फसवा, कारण ती जागा कायद्यात आधीच भरलेली आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार शेजारच्या जागेवरून खिडकीत येणारी हवा आणि उजेड 20 वर्षे अखंड, बिनहरकत घेतला की त्यावर हक्क बसतो. तो हक्क शेजाऱ्याला बांधकामापासून अडवण्याचा. एअर राइट्स हा बांधण्याचा हक्क आहे. दोन्हींना एकच नाव दिले तर वाचकाला उलटाच अर्थ लागेल.

जुन्या दस्तांतूनही काही हाती लागत नाही. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ जमीन दिली जाई. त्या यादीत पुरलेले धनसुद्धा आहे, पण झाडाच्या शेंड्याच्या वर कोणी पाहिलेले दिसत नाही.

तेव्हा विकले काय जाते, हे आधी पाहू. न्यूयॉर्कच्या 1961 च्या बांधकाम नियमावलीत प्रत्येक भूखंडावर किती मजला क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचे मिळून क्षेत्र, बांधता येईल, हे भूखंडाच्या क्षेत्राला ठरावीक गुणकाने गुणून ठरते. चर्चचा भूखंड 10,000 चौरस फुटांचा आणि गुणक 10 धरला, तर मर्यादा 1,00,000 चौरस फूट. चर्चची इमारत 20,000 चौरस फुटांची असेल तर 80,000 उरले. हे उरलेले क्षेत्र हाच विक्रीचा माल. शेजारचा भूखंड तेवढाच असेल, तर तिथला बिल्डर आपल्या 1,00,000 मध्ये हे 80,000 मिळवून स्वतःच्याच जमिनीवर 1,80,000 बांधतो. चर्चच्या डोक्यावर काहीच येत नाही. ‘वरची हवा विकली’ असे लिहिले की वाचक नेमके तेच समजतो. चर्चने मात्र पुढची वाट कायमची बंद केलेली असते: उद्या इमारत पाडली तरी तिथे 20,000 च्या वर जाता येत नाही आणि ते बंधन पुढच्या मालकालाही लागू राहते.

या व्यवहारासाठी दोन्ही भूखंडांची सीमा किमान 10 फूट सामाईक लागते. नियमावलीच्या दृष्टीने ते एकच भूखंड ठरतात, मालकी मात्र वेगळीच राहते. म्हणून याला ‘एकत्रीकरण’ म्हणताना ‘नियमापुरते’ हा शब्द जोडावा. जमीन गहाण ठेवून घेणाऱ्या बँकेसारख्या हितसंबंधितांची सही किंवा हक्कत्यागही लागतो. सौदा तिथे अडकू शकतो.

‘एअर राइट्स’चा दुसरा अर्थ मात्र शब्दशः वरच्या जागेचा आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या उत्तरेला रेल्वेचे रूळ खाली घेऊन त्यांवर पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथे ‘वरील अवकाशाचा हक्क’ हेच बरोबर. याच स्थानकावर उंच मनोरा बांधायला शहराच्या वारसा आयोगाने नकार दिला. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरवताना म्हटले, की न वापरलेले हक्क जवळच्या भूखंडांवर नेता येतात, त्यामुळे मालकाचा भार हलका होतो. म्हणजे हवी होती वरची जागा, मिळाले उरलेले क्षेत्र. या एकाच खटल्याचे भाषांतर करायला दोन शब्द लागतात.

मग आपला ‘टीडीआर’, म्हणजे ‘हस्तांतरणीय विकास हक्क’, का नको? वारसा वास्तूंच्या बाबतीत तो चपखल आहे. पण महाराष्ट्रात हा हक्क बहुधा आरक्षित जमीन दिल्याचा मोबदला म्हणून मिळतो, त्याचे विकास हक्क प्रमाणपत्र निघते आणि तो दूरच्या भूखंडावरही ‘लोड’ करता येतो. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या सौद्याला ते नाव दिले तर वाचक नसलेले प्रमाणपत्र शोधत बसेल.

‘चटई क्षेत्र’ वापरतानाही जपून. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफएसआय, वरच्या गुणकासारखाच आपल्याकडचा गुणक, आणि त्यात भिंतींखालचे क्षेत्रही धरतात. रेरा कायद्यातला कार्पेट एरिया हाही मराठीत ‘चटई क्षेत्र’च, पण त्यातून बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळतात. एकाच चटईवर दोन पाहुणे बसवल्याचा हा परिणाम. म्हणून वरच्या उदाहरणात मुद्दाम ‘मजला क्षेत्र’ लिहिले आहे.

बातमीतले वाक्य मी असे लिहीन: ‘चर्चने आपले न वापरलेले बांधकाम हक्क शेजारच्या बिल्डरला विकले.’ मथळ्यात जागा कमी असेल तर ‘शिल्लक बांधकाम हक्क’. अशा करारात पुष्कळदा आणखी एक कलम असते: नव्या इमारतीच्या चर्चकडे उघडणाऱ्या खिडक्यांना उजेड मिळत राहावा, म्हणून चर्चने आपली उंची वाढवायची नाही. ते आले तर त्याला ‘हवा-उजेडाचा सुविधाधिकार’ म्हणा. तिथे हवा खरोखरच आहे.