जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून केलेल्या फुकट कामावर छोटा धंदा उभा राहतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: इंटरनेटवर हजारो लोक मिळून सॉफ्टवेअर, नकाशे, डिझाइन बनवतात, त्याचा फायदा मोठ्या कंपन्यांना होत असेल, पण वडिलांचं पलूसला तीन लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्याशी या सगळ्याचा काय संबंध?

संबंध आहे. माझं घर त्यावरच चालतं. कुपवाड एमआयडीसीत मी जुन्या सीएनसी मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर धातू कापणाऱ्या मशीनचं, रेट्रोफिटिंग करतो, जुन्या अंगावर नवा कंट्रोल बसवतो. बेड (मशीनचा लोखंडी पाया), स्पिंडल, बॉलस्क्रू सगळं धडधाकट असतं, कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, तेवढा मेलेला असतो. बनवणारे सांगतात, तो पार्ट आता येत नाही, नवं मशीन घ्या. अशा मशीनवर मी लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं फुकट सॉफ्टवेअर बसवतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात त्याची सुरुवात झाली. सरकारी खर्चाने झालेलं काम म्हणून ते सर्वांना खुलं होतं. पुढे स्वयंसेवकांनी ते हाती घेतलं आणि आजही तेच सांभाळतात. त्यात मुरलेले प्रोग्रामर आहेत, तसे घरच्या गॅरेजमध्ये मिलिंग करणारे हौशीही आहेत.

लायसन्सला एक रुपया लागत नाही. मग गिऱ्हाईक मला पैसे कशाचे देतं? पॅनेलच्या वायरिंगचे, सर्वो मोटरी ट्यून करण्याचे, आणि शनिवारी रात्री मशीन अडलं तर फोन उचलण्याचे. हेच मोठ्या प्रमाणावर रेड हॅट या अमेरिकन कंपनीने केलं. लिनक्स ही विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली कोणालाही फुकट मिळते, तरी तिची जबाबदारी घेणारी ही कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. धंद्यातला खरा बदल मला इथे दिसतो: गुपित विकून मिळणारा पैसा आटत चाललाय आणि जबाबदारी घेण्याचे दर वाढतायत.

आता 'हजारो लोक' या शब्दांनी भारावून जाऊ नका. माणसं जमवणं सोपं असतं. आलेलं काम बरोबर की चूक हे ठरवायची सोय आहे का, ते आधी बघायचं. गोल्डकॉर्प ही कॅनडातली सोन्याच्या खाणीची कंपनी. मार्च २००० मध्ये तिने ऑन्टारिओतल्या रेड लेक खाणीची भूगर्भाची सगळी माहिती, जी खाणवाले तिजोरीत ठेवतात, ती इंटरनेटवर टाकली आणि 'सोनं कुठे असेल ते सांगा' म्हणून ५,७५,००० डॉलरची बक्षिसं लावली. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना गेलं. त्यांनी खाणीचं त्रिमितीय मॉडेल बनवलं होतं. कंपनीच्या सांगण्यानुसार लोकांनी सुचवलेल्या जागांपैकी निम्म्या तिच्या स्वतःच्या भूशास्त्रज्ञांच्या यादीत नव्हत्याच. हे जमलं, कारण ड्रिल मारलं की उत्तर कळतं. तिथे मतदान नसतं.

याच्या उलट क्विर्की ही अमेरिकन कंपनी. लोकांनी वस्तूंच्या कल्पना पाठवायच्या, लोकांनीच मतं द्यायची आणि कंपनीने माल बनवायचा. २०१५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. 'छान आहे' म्हणायला काही पडत नाही हो, दुकानात पाकीट काढायला पडतं.

तसं आपल्या सांगली जिल्ह्याला हे नवीन नाही. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण कुठल्या कंपनीचं नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या बागायतदाराने थॉमसन सीडलेसमधून ते निवडलं आणि काड्या गावोगाव गेल्या. तिथे बरोबर-चूक ठरवायचं ड्रिलचं काम पुढच्या हंगामातल्या घडाने केलं. आज तेच बागायतदार पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, 'दावण्या आहे का करपा?' पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. पुढच्या वर्षी परत तोच फोटो, तोच प्रश्न, कारण मागचं उत्तर 'शुभ सकाळ'च्या ढिगाखाली गेलेलं असतं आणि कोणाच्या सल्ल्याने बाग वाचली याची नोंद कुठेच नसते. सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमकी हीच अडचण सोडवली. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनेच २००५ मध्ये गिट हे नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलं. त्यात प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, याची नोंद राहते आणि बिघडलं तर मागे जाता येतं. मला तर हा शोध लिनक्सइतकाच मोठा वाटतो.

धोकाही सांगतो. एक्सझेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स यंत्रणांत असतं आणि ते जवळजवळ एकच माणूस, बिनपगारी, सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी नावाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एक इंजिनियर खोदत बसला म्हणून. फुकटच्या मालावर अब्जावधी कमावणारे सांभाळणाऱ्याला मात्र चहासुद्धा पाजत नाहीत, हे मला खटकतं.

म्हणून माझ्या कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रत्येक मशीनच्या सेटिंगच्या फाइल, मी खुल्या ठेवतो. मित्र वेड्यात काढतात, म्हणतात स्पर्धक उचलेल. उचलू दे. फाइल उचलून बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई, कमी होत नाही. गिऱ्हाईकाची ड्रॉइंग मात्र कधीही बाहेर टाकायची नाहीत, ती आपली नसतात. आणि लिनक्ससीएनसीच्या कोडमध्ये स्वतः बदल करून ते गिऱ्हाईकाला दिलंत, तर बदललेला सोर्स कोडही त्याला द्यावा लागतो. लायसन्सची तशी अट आहे.

तुमच्या वडिलांचे तिन्ही लेथ साधे ऑल-गिअर असतील तर त्यांना हात लावू नका, रोजची भाकरी त्यांच्यावर आहे. भंगारात चाललेलं एखादं छोटं सीएनसी बघा आणि त्याच्यावर शिका. बघायला जाताना वडिलांना आणि झीज मोजायचा डायल गेज बरोबर न्या. कंट्रोलर जळालेला असला तरी चालेल, पण बेड घासलेला असेल तर किलोच्या भावातसुद्धा घेऊ नका.