वासोटा-कोयना परिसराचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही भर घालू शकेल असा खुला ऑनलाइन नकाशा) बनवायचाय, तलाव, वाटा आणि डोंगर नीट कसे दाखवायचे?

सगळ्यात आधी शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय घ्या, आणि त्याचा काठ उन्हाळ्यातल्या सॅटेलाइट फोटोवरून काढू नका. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की मोठा गाळपेर पट्टा उघडा पडतो, म्हणून पावसाळा संपल्यानंतरचा, धरण भरलेला फोटो बघून पूर्ण पातळीची रेषा काढा.

वाटांचं काम खरं किचकट, कारण दाट झाडीत वरून काहीच दिसत नाही आणि जीपीएसही भरकटतं, त्यामुळे पायथ्याच्या मेट इंदवलीहून वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेचे दोन-चार जणांचे जीपीएस ट्रॅक एकावर एक ठेवून मधली रेषा घ्यायची. गूगल मॅपवरून कॉपी अजिबात नको, ओपनस्ट्रीटमॅपच्या लायसन्समध्ये बसत नाही. उठवलेल्या गावांच्या जुन्या पायवाटा सापडतील, त्या बंद आहेत असं टॅग कराच, हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तुमची रेषा बघून कोणीतरी तिकडे घुसेल.

डोंगरांसाठी ३० मीटरचा उंचीचा डेटा फुकट मिळतो पण त्यात वासोट्याच्या बाबूकड्यासारखा सरळसोट कडा नुसता उतार वाटतो, पावसात असा नकाशा जिवावर बेतू शकतो. कड्याची रेषा हाताने काढा प्लीज.